ताजा अँटीव्हायरस, जुने विंडोज

अँटीव्हायरस अपडेट होत असताना जुना संगणक मंदावणे, ही घटना बहुधा सकाळी साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान, टेबलासमोर पहिला माणूस येऊन उभा राहिल्यावर घडते. तिची लक्षणे ठरलेली आहेत. माउसच्या बाणाचे वाळूचे घड्याळ होते. ज्या डब्याला सगळा महाराष्ट्र ‘सीपीयू’ म्हणतो, त्याच्यावरचा लाल दिवा लुकलुकायचे सोडून सलग पेटून राहतो. स्टार्टचे बटण दाबले तरी मेनू येत नाही. वैतागून पाच वेळा दाबले, की थोड्या वेळाने तो पाचही वेळा एकदम उघडतो आणि मिटतो. तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून एक छोटी चौकट वर येते आणि आपला संगणक सुरक्षित असल्याचे कळवते. त्या घटकेला तो खरोखरच सुरक्षित असतो. त्यावर कोणालाच काही करता येत नाही, त्यामुळे व्हायरसलाही येत नाही.

येथे ‘जुना’ म्हणजे ज्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमची डागडुजी खुद्द कंपनीने थांबवली आहे तो. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आले आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याच्यातून अंग काढून घेतले. विंडोज ७ ची तीच गत १४ जानेवारी २०२० रोजी झाली आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. या तारखा अमेरिकेत रेडमंडच्या मुख्यालयात कटाक्षाने पाळल्या जातात. तालुक्याच्या गावातली पतसंस्था, लग्नपत्रिका छापणारे डीटीपीचे दुकान किंवा शाळेची कॉम्प्युटर लॅब यांच्याकडे त्या पाळण्याची पद्धत नाही. मशीन चालू होते आहे ना, मग चालू आहे, एवढीच तिथली व्याख्या.

मंदपणाचे आणि व्हायरसचे नाते जुने आहे. आयबीएम पीसीवरचा पहिला मानला जाणारा व्हायरस ‘ब्रेन’ १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरून कॉप्या करणारे सापडावेत असा त्यांचा हेतू होता, म्हणून त्यांनी व्हायरसमध्ये स्वतःची नावे, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातले. गुन्हेगाराने व्हिजिटिंग कार्ड ठेवून जाण्याइतका सभ्यपणा या क्षेत्रात पुन्हा पाहायला मिळाला नाही. ब्रेन फ्लॉपीतली माहिती सहसा पुसत नसे. त्याची लागण ओळखायची ती फ्लॉपी ड्राइव्ह हळू चालू लागल्यावरून. म्हणजे मशीन मंदावणे हे पूर्वी रोगाचे लक्षण होते. पुढे ते औषध लागू पडत असल्याचे लक्षण झाले.

डॉसच्या काळात अँटीव्हायरस एका फ्लॉपीत मावे. ती घालायची, कमांड द्यायची, तपासणी झाली की फ्लॉपी काढून ड्रॉवरमध्ये ठेवायची. काम झाल्यावर अँटीव्हायरसही ड्रॉवरमध्ये जाई, ही त्यातली आज हेवा वाटावी अशी सोय. पुण्यातल्या क्विक हीलचा जन्म याच काळातला. कैलाश काटकर यांचा कॅल्क्युलेटर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीचा व्यवसाय होता. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसच फार निघू लागले, तेव्हा संजय काटकर या धाकट्या भावाने ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले. लाहोरच्या भावांनी सुरू केलेले काम निस्तरायला पुण्याचे भाऊ बसले, असे याकडे पाहता येते.

इंटरनेट आणि पेन ड्राइव्ह आल्यावर अधूनमधून तपासून भागेना. अँटीव्हायरस कायमचा मुक्कामाला आला आणि विंडोजच्या फाइल यंत्रणेच्या वाटेवर स्वतःचा एक फिल्टर ड्रायव्हर टाकून बसला. कोणताही प्रोग्रॅम फाइल उघडायला निघाला, की ती विनंती आधी या ड्रायव्हरकडे जाते. तो फाइल वाचतो, आपल्याजवळच्या हजारो-लाखो खुणांशी ताडून पाहतो आणि मगच पुढे सोडतो. ऐकायला हे बिनतक्रार वाटते. पण एखादे सॉफ्टवेअर उघडणे म्हणजे एक फाइल उघडणे नव्हे. डीटीपीच्या मशीनवर पेजमेकर हे पाने जुळवण्याचे सॉफ्टवेअर सुरू केले, तर प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइली येतात, प्लग-इन येतात आणि मशीनमध्ये भरून ठेवलेल्या मराठी फॉन्टांची वरात येते. त्यातले चारच नेहमी वापरात असतात. उरलेले शेकडो कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले असतात आणि कधीच लागत नाहीत. तपासणी मात्र त्यांचीही होते, कारण फॉन्टच्या फाइलमधूनही घातक कोड येऊ शकतो. ‘शुभविवाह’ हा एक शब्द वळणदार अक्षरात हवा असतो. त्यासाठी अख्ख्या फॉन्ट फोल्डरची झडती होते.

आता रॅमचा हिशेब. एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम लागेल आणि १२८ असल्यास उत्तम, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. पुढे अँटीव्हायरसच्या नुसत्या व्याख्यांची, म्हणजे व्हायरस ओळखायच्या त्या खुणांची, फाइलच शंभर एमबीच्या वर गेली. ज्या मशीनमध्ये मालकाने मोठ्या हौसेने २५६ ची ५१२ एमबी करून घेतली होती, तिथे विंडोज आणि अँटीव्हायरस हे दोघे बसले की जागा संपते आणि ज्याच्यासाठी मशीन घेतले ते काम दारात उभे राहते. रॅम भरली की विंडोज तिच्यातली काही माहिती हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागेल तशी परत आणते. डिस्कवर तोवर अँटीव्हायरसचीही वर्दळ सुरू असते.

खरा घोळ इथे आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्धा फेरा घ्यायला चार मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. वाचणारे हेड योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. म्हणजे एका फुटकळ वाचनाला साधारण तेरा मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला फार तर पंचाहत्तर-ऐंशी वाचने होतात. प्रत्येक वाचनात चार केबी हाती लागले, तर सेकंदाला मिळतात जेमतेम तीनशे केबी. हीच डिस्क एखादी मोठी सलग फाइल सेकंदाला पन्नास-साठ एमबीच्या वेगाने वाचते. मंडईतून कोथिंबिरीची जुडी आणून घरी ठेवायची, मग मिरच्यांसाठी परत जायचे, मग आल्यासाठी, असा बाजार केला तर जो वेळ लागेल तो या डिस्कला लागतो. त्यात अँटीव्हायरस, पेजफाइल आणि पेजमेकर तिघेही एकाच हेडला एकाच वेळी तीन दिशांना धाडत असतात. डब्यातून येणारा करकर आवाज तो हाच. वापरणाऱ्याला तो ‘मशीन विचार करतेय’ असा ऐकू येतो. प्रत्यक्षात मशीन चालत असते.

अपडेट आला की या सगळ्याला भरती येते. आलेले गाठोडे सोडायचे, जुन्या व्याख्यांत नव्या मिसळायच्या, मधे कोणी हात मारला नाही ना हे पाहायला डिजिटल सही तपासायची आणि नवा संच रॅममध्ये चढवायचा. पहारा एक क्षणही उठता कामा नये, म्हणून नवा संच चढेपर्यंत जुना खाली उतरत नाही. त्यामुळे आधीच भरलेल्या रॅममध्ये काही काळ दोघेही असतात. पुढची गोष्ट कंपनीच्या जाहिरातीत नसते. एकदा तपासलेली फाइल पुन्हा तपासायला लागू नये म्हणून चांगले अँटीव्हायरस ‘ही पाहिली आहे’ अशी नोंद ठेवतात. व्याख्या बदलल्या की ती नोंद साहजिकच शिळी होते, कारण काल ओळखू न आलेला व्हायरस आज ओळखू येणार असतो. जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या संस्थेच्या दफ्तरी रोज साडेचार लाखांहून जास्त नव्या घातक आणि नकोशा प्रोग्रॅमची भर पडते. त्यामुळे अपडेट दिवसातून कित्येकदा येतात आणि बिचाऱ्या मशीनला आपल्या जुन्याच फाइलींची नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

मग हे सगळे रात्री, माणसे झोपल्यावर का होत नाही? सोय आहे. पण कार्यालयात संध्याकाळी सहाला शिपाई मेन स्विच बंद करतो. रात्री दोनला ठरलेले स्कॅन मशीन बंद असल्याने हुकते आणि हुकलेले काम संधी मिळताच उरकायचे, असे अँटीव्हायरसला शिकवलेले असते. ती संधी म्हणजे सकाळी मशीन सुरू होणे. सोमवारचे स्कॅन शनिवारपेक्षा जड वाटते ते यामुळेच. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर परवड होते. रोजचा अपडेट फक्त फरकापुरता, लहान असतो. मशीन फार दिवस बंद राहिले, की मधले फरक जोडत बसण्याऐवजी अँटीव्हायरस सगळा संच नव्याने मागवतो. भाऊबीज उरकून आलेला कर्मचारी संगणक सुरू करून बाहेर चहाला जातो, यात कामचुकारपणा नसून अनुभव असतो.

एका मशीनवर दोन अँटीव्हायरस, हा या विषयातला स्वतंत्र पोटप्रकार. पहिला विकत घेतलेला असतो. त्याचे वर्ष संपलेले असते, पण तो गेलेला नसतो. दुसरा भाच्याने गणपतीत आला असताना नेटवरून फुकट टाकून दिलेला असतो. ‘मामा, आता काही टेन्शन नाही,’ असे सांगून भाचा परत जातो. एक फाइल उघडतो तेव्हा दुसरा त्याचे ते उघडणे तपासतो, आणि दुसऱ्याने तपासायला उघडलेली फाइल पहिल्याच्या नजरेत येते. एकाने पकडून कोंडलेला व्हायरस दुसऱ्याला सापडतो आणि तो विजयाची चौकट दाखवतो. काही अँटीव्हायरस दुसरा दिसला की बसायलाच नकार देतात. त्यांची तक्रार वाचायची सोडून ‘नेक्स्ट’ दाबत जाण्याचे कौशल्य भाच्याकडे असते.

इतके हाल सोसूनही जुने विंडोज बदलले जात नाही, याचे खापर नेहमी कंजूषपणावर फोडले जाते. ते अन्यायाचे आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती २००१ मध्ये निघाली आणि नव्या विंडोजवर नीट बसवण्याची तसदी ती बनवणाऱ्या कंपनीने घेतली नाही. मराठी मजकुराची वर्षानुवर्षांची कामे श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टांत अडकलेली. श्री-लिपीचे डोंगल, म्हणजे ते चालवायची किल्ली, मागच्या रुंद पॅरलल पोर्टला लागते, आणि तसले पोर्ट नव्या मशीनला नसते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून ठणठणीत असतो आणि पावतीपुस्तकाच्या तीन प्रती एका ठोक्यात काढतो. त्याचा ड्रायव्हर मात्र एक्सपीपाशी थांबलेला. अशा ठिकाणी विंडोज बदलणे म्हणजे दुकान बदलणे.

शिवाय मोठ्या संस्थांचे वळण फार वेगळे नव्हते. मदत संपल्यावरही एक्सपी सांभाळून द्यावे म्हणून अमेरिकेच्या नौदलाने २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टशी नव्वद लाख डॉलरच्या वर रकमेचा करार केला. आपल्याकडे एटीएममधले एक्सपी आणि तत्सम जुन्या सिस्टिम टप्प्याटप्प्याने काढा, असे रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना बजावले आणि जून २०१९ ची मुदत घातली. म्हणजे एक्सपीचे अधिकृत तेरावे झाल्यानंतर चार वर्षे ते रांगेतल्या लोकांना नोटा मोजून देत होते.

ज्या सिस्टिमची भगदाडे कंपनी बुजवत नाही तिला अँटीव्हायरसची गरज जास्त, आणि तो पेलण्याची ताकद तिच्यात कमी. बरे, अँटीव्हायरस ती भगदाडे बुजवू शकतो असेही नाही. फार तर आत आलेल्याला ओळखू शकतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर विंडोजच्या नेटवर्क यंत्रणेतल्या एका भगदाडातून जगभर पसरले, तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठीही तातडीने दुरुस्ती काढावी लागली. खरे तर सर्वाधिक लागण विंडोज ७ ला झाली होती, आणि त्याची दुरुस्ती दोन महिने आधीपासून उपलब्ध होती. ‘रिमाइंड मी लेटर’ हे बटण त्या दोन महिन्यांत किती वेळा दाबले गेले असेल, याची मोजदाद झालेली नाही.

अपडेट मशीनला नुसते मंद करतो असे नाही. कधी कधी तो मशीन आडवेच करतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी अँटीव्हायरसच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने एक्सपीची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाइल व्हायरस ठरवून उचलली. ती विंडोजची स्वतःची, अत्यावश्यक फाइल. कार्यालये, विद्यापीठे, रुग्णालये यांची मशीन सुरू होऊन बंद पडू लागली, बंद पडून सुरू होऊ लागली. फटका बसला तो सर्व्हिस पॅक ३ टाकलेल्या एक्सपीला. ज्यांनी आळसाने तो टाकलाच नव्हता त्यांना काही झाले नाही, आणि संगणक क्षेत्रात आळसाला मिळालेले हे दुर्मीळ पारितोषिक होय. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफोस या दुसऱ्या अँटीव्हायरसने स्वतःच्याच अपडेटरला घातक ठरवले. जिथे अशा फाइली थेट पुसायची आज्ञा होती तिथे अपडेटर पुसला गेला आणि चूक सुधारणारा अपडेट यायला वाटच उरली नाही. मार्च २०१५ मध्ये पांडा अँटीव्हायरसने आपल्याच फाइलींना कोंडून घातले. एवढे कठोर आत्मपरीक्षण माणसांत क्वचित आढळते.

विंडोज आणि अँटीव्हायरस दोघेही एकाच वेळी अपडेट होऊ लागले, की कोणामुळे काय झाले हे कळेनासे होते. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन या दोषावर मायक्रोसॉफ्टने उपाय काढला. काही अँटीव्हायरस विंडोजच्या गाभ्यात नको तिथे हात घालत असल्याने त्या उपायाने मशीन निळ्या पडद्यावर जाई. म्हणून ‘आमचे याच्याशी जमते’ अशी खूण रजिस्ट्रीत अँटीव्हायरसने आधी करावी, मगच अपडेट मिळेल, असा नियम आला. ज्यांच्याकडे अँटीव्हायरसच नव्हता त्या विंडोज ७ वाल्यांनी ही खूण स्वतःच्या हाताने करायची होती. उपाय लागल्यावर जुन्या प्रोसेसरवर, विशेषतः विंडोज ७ आणि ८ वर, मशीन हळू झाल्याचे जाणवेल हेही मायक्रोसॉफ्टने कबूल केले. एप्रिल २०१९ मध्ये विंडोजच्याच अपडेटनंतर सोफोस, अव्हास्ट, अविरा, आर्काबिट आणि मॅकॅफी असलेली विंडोज ७ आणि ८.१ ची मशीन सुरू होतानाच अडकू लागली. मायक्रोसॉफ्टने त्यातल्या काहींना आपला अपडेट देणेच तात्पुरते थांबवले. सुरक्षेसाठी सुरक्षा रोखण्याचा हा प्रकार वापरणाऱ्याच्या कानावर गेला नाही. त्याने नेहमीप्रमाणे डब्याला एक थापट मारली होती.

उपायांत सर्वात लोकप्रिय म्हणजे डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘रिफ्रेश’ दाबणे. त्याने पडद्यावरची चित्रे पुन्हा काढली जातात, बाकी काही होत नाही. तरी ते चार-पाच वेळा केल्याशिवाय काम सुरू करू नये असा संकेत आहे. त्या खालोखाल ‘रन’मध्ये जाऊन ‘टेम्प’ आणि ‘प्रीफेच’ रिकामे करणे येते. यातले दुसरे उलट अपायाचे, कारण प्रोग्रॅम लवकर सुरू व्हावेत म्हणूनच विंडोजने तिथे नोंदी ठेवलेल्या असतात. जाणकार मंडळी डबा उघडून रॅमची पट्टी काढतात आणि तिच्या सोनेरी कडा खोडरबरने घासतात. मशीन सुरूच होत नसेल तर हा उपाय खरोखर लागू पडतो. मंदपणावर त्याचा परिणाम नाही. शेवटचा उपाय ‘फॉरमॅट मारणे’. त्यानंतर मशीन दोन-तीन दिवस भन्नाट पळते, कारण तोवर त्यावर अँटीव्हायरस टाकलेला नसतो.

कधी कधी अँटीव्हायरस निर्दोष असतो. जुन्या आयडीई डिस्कच्या वाचनात पुन्हा पुन्हा चुका होऊ लागल्या, की एक्सपी गुपचूप तिला डीएमए सोडून पीआयओ या पायी चालण्याच्या पद्धतीवर आणते. मग प्रत्येक बाइट प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावा लागतो. केबल ढिली असते आणि शिव्या अँटीव्हायरस खातो.

बाकी जे खरे उपाय आहेत ते कंटाळवाणे आहेत. स्कॅनची वेळ जेवणाच्या सुट्टीत बसवावी. अँटीव्हायरस एकच ठेवावा. रॅम वाढवावी. डिस्कच्या जागी एसएसडी घातली की हेड सरकण्याचा प्रश्नच मिटतो आणि दहा वर्षांचे मशीनही तरतरीत होते. मात्र एक्सपीला एसएसडीची निगा राखणारी ट्रिम सोय माहीत नाही, आणि फार जुन्या मशीनला ती जोडायला सॉकेटही नसते. इंटरनेटची वायर काढून टाकणे हाही मार्ग सांगितला जातो. मग अपडेट पेन ड्राइव्हवरून आणावे लागतात, आणि पेन ड्राइव्ह लावताच आतला प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या ऑटोरनच्या जमान्यात बरेच व्हायरस यायचे ते त्याच वाटेने. एक्सपीवर पेन ड्राइव्हचे ऑटोरन बंद करणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वांना पाठवला. ज्यांनी इंटरनेटची वायर काढली होती त्यांना तो अर्थातच मिळाला नाही.

यथावकाश अँटीव्हायरस कंपन्याही जुन्या विंडोजचा नाद सोडतात. एक्सपीसाठी व्याख्या पाठवणे मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०१५ पर्यंत चालू ठेवले होते. इतरांनीही पुढेमागे हात आखडले. अपडेट येणे थांबले की मशीन हलके होते, आणि मालक आल्यागेल्याला सांगतो, ‘बघा, आपोआप सुधारलं. आतून दणकट आहे.’

विंडोज १० च्या मशीनची पाळी आता सुरू झाली आहे. त्यांतल्या अनेकांना विंडोज ११ घेता येत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचाच प्रोसेसर लागतो. मदत संपली असली, तरी त्यांच्यातल्या डिफेंडर अँटीव्हायरसला व्याख्यांचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. जुने विंडोज आणि ताजा अँटीव्हायरस या जोडीचा नवा माल बाजारात आला असून तो निदान तोवर पुरेल.